ज्याचा चेहरा ताजा

डॉक्टरांची काळजी घ्यायची म्हणून मोठ्या साहेबांनी वॉर्डात चेहऱ्यावरून थकवा ओळखणारा कॅमेरा बसवला. ज्याचा चेहरा ताजा, त्यालाच ड्युटी! छत्तीस तास उभ्या असलेल्या डॉक्टरबाई मनात म्हणाल्या, 'सुटले बाई एकदाची!' कॅमेऱ्याने त्यांच्यासकट बाराच्या बारा डॉक्टरांवर 'थकलेले' असा शिक्का मारला.

"साहेब, मग पेशंट कोण बघणार?" सिस्टरने विचारलं.

"एक ताजातवाना सापडलाय की! सगळ्या ड्युट्या त्यालाच लावल्यात," न वाचताच यादीवर सही ठोकत साहेब म्हणाले.

डॉक्टरबाईंनी यादी पाहिली आणि काढलेला ॲप्रन परत चढवला.



आठवडाभराची ड्युटी लागली होती वॉर्डाच्या भिंतीवरच्या तसबिरीत हसणाऱ्या, हॉस्पिटलच्या संस्थापकांना. त्यांना वारून वीस वर्षं झाली होती.