तिसरा दिवा

टेलरमास्तरांनी माशांच्या टाकीसाठी तिसऱ्यांदा स्वस्तातला एलईडी दिवा नेला आणि तिसऱ्यांदा तक्रार घेऊन दुकानात आले. "अहो, उजेडच पडत नाही याचा. पाण्यातली झाडंसुद्धा धड दिसत नाहीत. महागडा परवडत नाही म्हणून काहीही गळ्यात मारायचं का?"

दुकानदाराला ते लागलं. तो तसाच मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेला.

शिलाई मशीनशेजारच्या टाकीवर तिन्ही दिवे एकदम जळत होते. दुकानदाराने डोळ्यांवर हात धरला. नको तितक्या उजेडाने काचेवर शेवाळ माजलं होतं, झाडांची पानंही त्याने लडबडली होती.

"बघा, आहे का काही उजेड?"

"मास्तर," दुकानदार चाचरत म्हणाला, "एकदा डोळे दाखवून घ्या."

"दाखवले की! वयाचं आहे, दुसरं काही नाही. अहो, रोज शिवतोय मी. एका तरी गिऱ्हाइकाची तक्रार आहे का, विचारा हिला!"

"एकाचीही नाही," त्यांची बायको म्हणाली आणि दुकानदाराला सोडायला जिन्यापर्यंत आली.

"डॉक्टरांनी खरं काय ते मला एकटीलाच सांगितलंय, भाऊ. आता इलाज नाही. तुम्ही त्यांना काही बोलू नका."

दुकानदाराने विचारलं, "आणि शिलाई?"



"ते फिरायला गेले की सगळं उसवते, आणि मीच पुन्हा शिवते."