उशी तिच्याकडे आहे

"येताना नुसता गाऊन आण, उशी माझ्याकडे आहे," कुमुद फोनवर दरवेळी बजावायची. शाळेपासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पण मी तिच्याकडे एकदाही मुक्कामाला गेले नाही. पहाटेची पूजा माझ्याच हातून व्हावी, हा माझा नेम.

"माझेही देव पारोसेच असतात गं, त्यांना घाल की आंघोळ," ती हसायची. एकदा म्हणाली, "मी गेल्यावर तरी येशील ना एक रात्र?" विषय संपावा म्हणून मी म्हटलं, "येईन हो."

आज सकाळी ती गेली. तिच्या जागी लावलेला दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, कुणीतरी जागं हवं. मी पिशवीत गाऊन, गोळ्या आणि वळलेल्या वाती भरल्या. सूनबाई दारात येऊन हळूच म्हणाली, "आई, सुतकाच्या घरी राहणार? मग उद्याची पूजा?"

"तू कर. देवांना सांगितलंय मी."

मान आखडते म्हणून उशीही पिशवीत कोंबली होती. ती काढून पलंगावर ठेवली आणि चपला घातल्या.