हुशार कॅमेरा

एकवीस दिवसांत एकवीस फोटो आले.

रूपश्री राहायची शहराच्या एका टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, तर तिचे वडील, अण्णा, पार दुसऱ्या टोकाला, येलहंक्यात. मधुमेहामुळे त्यांच्या तळपायाची जखम भरत नव्हती आणि जुन्या फोनच्या फोटोत ती धड दिसतही नव्हती. म्हणून तिने दुकानातला सगळ्यात महागडा फोन त्यांना घेऊन दिला. पहिल्या फोटोत रुपयाएवढी असलेली जखम शेवटच्या फोटोत टिकलीएवढी झाली. फोटो पाहून डॉक्टरांनीही तपासणी पुढे ढकलली.

"बघा अण्णा, नवा फोन सार्थकी लागला की नाही?"

"लागला गं बाई. फार हुशार आहे."

रविवारी ती न कळवताच घरी गेली. अण्णा घरातही मोजे घालून बसले होते. तिने हट्टाने मोजा उतरवला. जखम टिकलीएवढी नव्हतीच.

"मग ते फोटो?"

"फोटोतलं नको ते बोटाने पुसायला तूच शिकवलंस ना," अण्णा नजर चुकवत म्हणाले. "रोज स्वल्प स्वल्प पुसत गेलो. खरं दाखवलं असतं तर पाय कापायला निघाले असते सगळे."

तिने पर्समधून मोजपट्टी काढली आणि जखमेवर धरली.



चव्वेचाळीस मिलिमीटर.