कप्तानाची जागा

कप्तान दारात येऊन उभे राहिले तेव्हा तो गाद्यांच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी निळा रंग शोधत होता. "निळाच हवा, पण जरा हसरा," असं दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं. सकाळपासून पाठवलेले सगळे निळे त्याला रडके वाटले होते.

गॅलरी बंद करून केलेली ती खोली, तेच त्याचं ऑफिस. लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि त्या चालू ठेवायच्या, हा त्याचा धंदा. पण घरी बसून केलेलं काम शेजाऱ्यांच्या लेखी काम नव्हतं, म्हणून सगळ्या मजल्याची पार्सलं त्याच्याकडे येऊन पडत. त्यातल्याच एका खोक्याला वळसा घालून कप्तान आत आले.

"कामात आहेस का रे?"

"नाही, या ना. बसा," तो म्हणाला आणि उठताना त्याची खुर्ची भिंतीवर आपटली.

कप्तान हे नाव रविवारी डोंगर चढणाऱ्या त्यांच्या गटाने ठेवलेलं. नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात केली, पण डोंगरात सगळ्यांच्या पुढे तेच असायचे. मध्यंतरी एकदा पायाखालच्या वाटेवर ते चुकले, सगळ्यांना भलत्याच दरीत उतरवलं, आणि वर "वाट बरोबरच आहे" म्हणून अडून बसले. गटाच्या अध्यक्षांशी शब्दाला शब्द लागला. त्यानंतर ते यायचे बंद झाले.

गटाची वेबसाइट त्यानेच हौसेने बनवलेली. मागच्या आठवड्यात त्याच अध्यक्ष, ज्यांना सगळे बाई म्हणतात, याच खोलीत येऊन बसल्या होत्या.

"लोक साइटवर कप्तानांना बघतात आणि परस्पर फोन करतात," बाई म्हणाल्या. "आणि हे घेऊनही जातात. परवा दोन मुली त्यांच्याबरोबर अंधार पडेपर्यंत रानात फिरत होत्या. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर?"

"नंबर काढून टाकतो."

"नंबर काढ. आणि फोटोतून त्यांनाही काढ. वाईट मलाही वाटतं."

फोटोच काढून टाकावेत तर साइटवर काही उरत नव्हतं; एकूण एक फोटोत कप्तान होते. मग त्याने फोटो ठेवले आणि त्यांतून कप्तानांना काढलं. त्यांच्या जागी कुठे गवत भरलं, कुठे आभाळ, एके ठिकाणी दगड. जेवताना बायकोने विचारलं, "तुला पटलं का हे?" त्याला धड हो म्हणता येईना, धड नाही म्हणता येईना. "काम नीट झालंय," एवढंच तो बोलला.

आता कप्तान समोर बसले होते. "सुनेच्या फोनवर आपली साइट पाहिली," ते म्हणाले. "पण तो फोन एवढासा, आणि माझी नजर ही अशी. म्हटलं, तुझ्याकडे मोठा पडदा आहे. दाखव जरा."

लाइट गेलीय, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पडदा निळाशार उजळलेला होता. त्याने साइट उघडली.

कप्तान पुढे वाकले. एकेक फोटो बघत गेले. तो त्यांच्या रागाची वाट बघत राहिला. रागाला काय उत्तर द्यायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं.

"यात मी नाही," कप्तान म्हणाले. मग पुढच्यावर बोट ठेवून, "यातही नाही." हरवलेली किल्ली शोधताना माणूस एकामागून एक खिसे चाचपतो, तसा त्यांचा आवाज होता.

"कप्तान, त्याचं असं झालं..."

"थांब. मला आठवू दे." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "हल्ली माझा घोळ होतो रे. घरी बोलत नाही मी. आता हा माथ्यावरचा फोटो. त्या दिवशी मी होतो, असं मला पक्कं वाटत होतं. तुझा पाय मुरगळला होता. मी तुला धरून वर आणलं. तू सारखा म्हणत होतास, मला इथेच सोडा. सगळं डोळ्यांसमोर दिसतंय. आणि इथे बघतो तर मी नाहीच." ते थोडे हसले. "म्हणजे तुला आणलं ते दुसऱ्या कुणीतरी."

खरं सांगावं तर आपल्याच माणसांनी आपल्याला पुसलं हे त्यांना कळणार. गप्प बसावं तर तो दिवसही त्यांच्या हातून जाणार. आणि या दोहोंत वाईट कोणतं, तेच त्याला कळेना.

"दरीचंही तसंच असेल मग," कप्तान स्वतःशीच म्हणाले. "मी उगाच भांडलो. बाईंचं बरोबर होतं."

"तुम्हीच होतात," तो म्हणाला.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"नाही कप्तान. मला तुम्हीच वर आणलंत."

"मग मी कुठे आहे?"

दाखवायला म्हणून तो पडद्याकडे वळला. काम करताना त्याने फक्त कडा पाहिल्या होत्या, गवताला गवत जुळलं की नाही ते. स्वतःकडे त्याने आत्ता पाहिलं. माथ्यावर सगळ्यांच्या मधोमध तो हसत उभा होता. एक पाय जमिनीपासून उचललेला, उजवा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरलेला, आणि अंगाचा सगळा भार मोकळ्या आभाळावर टाकलेला.