तांदळातलं नाव

मस्कतच्या इस्पितळाला नर्स हवी होती, आणि ती मैनाच हवी होती. कमळा चालणार नव्हती.

आता मैना आणि कमळा एकच, हे पूर्णगडातलं शेंबडं पोरही सांगेल. नर्सिंगची परीक्षा दिली मैनानं, कौन्सिलात नोंद झाली तीही मैनाचीच. मग लग्नात गंगारामानं ताटभर तांदळात अंगठीनं 'कमळा' लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि रेशनकार्डापासून सगळीकडे ती कमळा झाली. मुंबईच्या एजंटानं डोक्याला हात लावला. तिकडचा परवाना मिळणार मैनाला आणि विमानात बसणार कमळा, असं कसं चालेल, म्हणाला. कौन्सिलात नाव बदलायचं तर वर्ष जाईल, तोवर जागा कोण ठेवतोय? त्यापेक्षा रत्नागिरीच्या कोर्टात प्रतिज्ञापत्र करा, पासपोर्ट मैनाच्या नावानं काढा, की झालं काम.

झालं कसलं काम! कमळा हे नाव सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, मोठ्या हौसेनं निवडलेलं. ते टाकायचं तर त्यांना सांगायचं कुणी? गंगाराम बोटीवरचा खलाशी, वादळाला भ्यायचा नाही, पण आईपुढे हा विषय काढायचा म्हटल्यावर त्याची बोबडी वळली. शेवटी दुपारची जेवणं झाल्यावर कमळेनंच एका दमात सांगून टाकलं. तिला जायचंच होतं.

आनंदीबाईंनी ऐकून घेतलं. उठल्या आणि तांदळाचा डबा काढला. संपलं, कमळेला वाटलं. आता या तांदूळ निवडत बसणार, म्हणजे विषय बंद.

त्यांनी ताटात तांदूळ पसरले आणि ताट लेकापुढे सरकवलं. कोर्टाला काय कळतंय, म्हणाल्या. तांदळात घेतलेलं नाव तांदळातच परत द्यायला हवं.

गंगारामानं बोटातली अंगठी काढली. 'मैना' लिहायला त्याला बराच वेळ लागला, बायकोचं हे नाव तो पहिल्यांदाच लिहीत होता. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"जा गो मैना," सासूबाई म्हणाल्या, "तिथं कुणी नाव विचारलं तर अडखळू नको."

दोघांचाही जीव भांड्यात पडला. मैना ताट उचलायला वाकली, तसा सासूबाईंनी तिचा हात धरला. स्वतःच्या तळहातानं तांदूळ पुन्हा सारखे केले.

"आता जनी लिही."

गंगाराम अंगठी धरून तसाच बसला. "जनी कोण?"

"तुझी आई, मेल्या."