माडीवरची ढाबळ

महांतेशनं माडीवर ढाबळ बांधून चाळीस कबुतरं पाळली आणि त्यांच्या पिसांपायी त्याची बायको शिवलीला नऊ वर्षं दम्यानं घुसमटली. "अहो, हलवा की ती," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "मुका जीव हाय त्यो!"

२००७ साली कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तिला दर महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. "पिसांची धूळ आत गेली की रक्तातल्या अँटीबॉडी उगाच बोंब ठोकून शरीर पेटवतात. हे औषध त्यांना वाटेतच धरतं. कबुतरं मात्र लांबच ठेवा."

चौथं इंजेक्शन घेऊन ती छातीभर श्वास घेत घरी आली, तर तिच्या उशीवर एक कबूतर शिटत होतं.



"आता तुला बाधत न्हाय न्हवं?" पलंगाशेजारी खुराडी लावत महांतेश म्हणाला. "माडीवर बिचाऱ्यांस्नी गारठा लागत हुता."