चपलेचा उपाय

शुद्धीवर येताना कॉलरवालीला आधी चामड्याचा वास आला. डोळे उघडले तर इस्त्रीवाल्या मामांची चप्पल नाकाला टेकलेली. आली शुद्धीवर, म्हणत मामांनी कपाळावरचा घाम पुसला. ती कॉलरी शिवायची त्या शर्टांच्या कारखान्यात कोणाला फिट आली की चप्पल हुंगवायची, हा रिवाज होता. तो कोणी पाडला, कोणास ठाऊक.

पुढची सगळी उस्तवार काजवालीची. उठवून बसवायचं, पाणी पाजायचं, केसांत अडकलेले दोरे काढायचे. शर्टांना काजं करणारी ही बाई कॉलरवालीच्या शेजारीच बसायची, आणि दोघींचं मेतकूट असं की एकीला ठेच लागली तर दुसरीने कळवळावं. कॉलरचं मशीन खरं तर काजवालीला हवं होतं. ते हिला मिळालं तेव्हा पहिली टाळीही तिनेच वाजवली. फिट यायच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि त्या अंधारीत कॉलरवालीच्या कानांवर शेवटी पडायचा तो काजवालीचाच आवाज. मामा, चप्पल आणा.

घरी थोरली बहीण करवादायची. चारचौघांत थोबाडाला खेटर लावून घेतेस, काही लाज? लाज होती. नाक लाल होईपर्यंत ती साबणाने तोंड घासायची. पण त्या माणसांवर राग काही धरता येत नव्हता.

"वाईट नाहीत गं ताई ती माणसं," ती म्हणायची. "त्यांना माहीत नाही, एवढंच. सांगितलं की थांबतील."

मग सांग की एकदाचं, बहीण म्हणाली.

तिने धीर केला, मालकांची परवानगी काढली आणि आपल्या डॉक्टरीणबाईंना एका दुपारी कारखान्यात घेऊन आली. बाईंनी कापडाच्या टेबलाशी उभं राहून सोप्या शब्दांत सांगितलं. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात काही कोंबू नका. फार वेळ चालली तर दवाखान्यात आणा. चपलेने काडीचाही उपयोग होत नाही, फिट आपली आपण थांबते. ऐकता ऐकता मामा मटकन खाली बसले. लेकीसारखी पोर, आणि आपण तिच्या तोंडाला पायातलं लावत आलो, म्हणून म्हातारा सगळ्यांदेखत रडला. कॉलरवालीलाच त्यांची समजूत काढावी लागली. काजवालीने तर मागे बसलेल्या पॅकिंगच्या बायकांना सगळं पुन्हा नीट समजावून दिलं, एकही गोष्ट न गाळता.

त्या संध्याकाळी कॉलरवालीचे पाय जमिनीवर नव्हते. बहिणीला म्हणाली, बघ, म्हटलं नव्हतं? बहिणीलाही कौतुक वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही.

पुढे काही आठवडे बरे गेले. एकदा मशीनवरच आकडी आली, तर मामांनी आपला सदरा काढून तिच्या डोक्याखाली घातला आणि ती शुद्धीवर येईपर्यंत उघड्या अंगाने बसून राहिले. हातही लावायचा झाला तर पोरीची क्षमा मागून लावायचे.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सगळे अंगणात गेले. थोड्या कॉलरी उरल्या होत्या म्हणून ती आत थांबली, आणि तिला सोबत म्हणून काजवाली. अंधारी आली. या वेळी कोणी कोणाला हाक मारली नाही.

जाग आली तेव्हा डोकं नुसत्या फरशीवर होतं. हाताच्या अंतरावर कापडाचे गठ्ठे जसेच्या तसे रचलेले. आणि नाकातोंडावर रबराची ओली चप्पल गच्च दाबलेली, संडासाच्या दाराशी सगळ्यांसाठी ठेवलेली असते ती. डोळे उघडलेले दिसल्यावरही चप्पल लगेच हलली नाही. मग काजवालीने ती सावकाश बाजूला ठेवली, तिला उठवून बसवलं आणि केसांतले दोरे काढायला घेतले.

घाबरली असेल बिचारी, कॉलरवालीच्या मनात आलं. घाबरलं की माणूस शिकलेलं विसरतं. तिने गालावरचं पाणी पदराने पुसलं.

"अगं, विसरलीस ना? बाईंनी सांगितलं होतं, चपलेने काही होत नाही म्हणून."

"विसरेन कशी?" काजवाली दोरा काढत म्हणाली. "माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येते. त्याच्या तोंडाला आम्ही कधी कोणाला चप्पल लावू दिली नाही."